पंडुम झाल्यावरचं गाणं

आमच्या मागच्या खोलीत दीपाली तुलावी राहते. कुरखेड्याच्या कॉलेजात बी.ए.ला आली तेव्हा तिच्या वडिलांनीच तिला आणून सोडलं होतं. सोबत तांदळाचं चुंगडं, पत्र्याची पेटी आणि काच तडकलेला मोबाइल. बी.ए. झालं, पण पोरगी आपल्या गावी, कोहकाटोल्याला, परत गेली नाही. ती गाणी करते. आधी मी शेजारणींना सांगायची, "गाणी म्हणते." तेव्हा ती मला अडवायची.

"काकू, म्हणतेत तं सारेच. मी करतो."

ते करणं मी जवळून पाहिलं आहे. कागद-पेन काही नसतं. भांडी घासताना, धान पाखडताना ती एकच ओळ घोळवत बसते. ओळ तोंडात बसली की ओल्या हातानं मोबाइल उघडून त्यात गुणगुणते आणि पुन्हा भांडी घासायला लागते. दुसऱ्या दिवशी ती ओळ आठवली तर ठेवते, नाही आठवली तर पुसून टाकते. मी म्हटलं, "अगं, पुसतेस कशाला? चांगली होती." तर म्हणे, "मलेच याद नाई राह्यली तं लोकाइले कायची राहते?"

दर गुरुवारी आमच्या घरी बायांच्या मंडळाचं भजन असतं. पहिल्या वर्षी ती दारात बसून नुसती ऐकायची. एकदा गुणाबाईंचा घसा बसला होता, म्हणून मी तिला आत बोलावलं. आमच्या म्हाताऱ्यांचा श्वास जिथं संपतो तिथून त्या पोरीचा आवाज सुरू झाला. खंजिरीवाल्या बाई वाजवायचं विसरल्या. तेव्हापासून ती आमच्या भजनात असते. देव तिचे वेगळे, आमचे वेगळे, पण त्यावरून कधी कुणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे लहानशी जत्रा, भरते आणि मंडईत नाटक असतंच. अशाच एका मंडईत नाटक कंपनीची गाडी उशिरा आली. लोक कालवा करायला लागले, तेव्हा आयोजकांनी दीपालीला स्टेजवर ढकललं. तिनं आपलीच दोन गाणी म्हटली. त्या गर्दीत वडशाचा लोकेश होता. त्याची धुमाल पार्टी आहे. धुमाल म्हणजे सजवलेली गाडी, तिच्यावर कीबोर्ड, ढोल, मोठे साउंड आणि वर माइक धरून गाणारा माणूस. आमच्या बाजूला वरात त्याच्याशिवाय निघत नाही. लोकेश दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"ताई, आवाज हाय तुमचा," तो म्हणाला. "पन लोकाइनं नाव आयकलं पायजे. होळीच्या आंधी तुमचं एक गानं मोबाइलवर फिरू द्या. मंग लग्नाचा पूरा सीझन माह्या गाडीवर तुमीच."

"आनि नाई फिरलं तं?"

"तं मले दुसरं कोनी पाहा लागन. सीझन कोनासाठी थांबते का?"

दीपालीच्या वडिलांनीही तिला एवढाच उन्हाळा दिला होता. काही जमलं तर ठीक, नाहीतर गावी परत यायचं आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचं. जागा रिकामी होणार होती. वडील रागावून बोलले नव्हते, म्हणून तर तिला ते टाळता येत नव्हतं.

गाणं तिच्याजवळ तयार होतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आंब्याचं झाड आहे, त्याची एक फांदी पल्याडच्या शेतावर झुकलेली आहे आणि पल्याडच्या घरात बहीण दिली आहे, असं ते गाणं.

धुऱ्यावरचा आंबा माहा
पल्याड कसा झुकला वं

असं ते सुरू होतं. अर्धं आमच्या झाडीपट्टीतल्या बोलीत, अर्धं गोंडीत. मला सगळं कळत नाही, पण ऐकताना लग्न करून दिलेली प्रत्येक बाई मान हलवते, हे मी आमच्या भजनातच पाहिलं.

नागभीडला रेल्वे स्टेशनजवळ प्रवीण नावाच्या पोराचा मोबाइल दुरुस्तीचा धंदा आहे आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. गाडी शिट्टी मारत गेली की रेकॉर्डिंग थांबवायचं. आजूबाजूच्या तालुक्यांतली निम्मी नवी गाणी त्याच खोलीतून निघतात. प्रवीणनं माघातली तारीख दिली. दीपाली म्हणाली, "माह्यामागे गावच्या बायाच गातील. मले मशीनचा कोरस नाई पायजे."

तिची आत्या बुधरीबाई आणि गावच्या आणखी बाया यायला तयार झाल्या. दीपालीनं त्यांना फोनवरून फक्त चाल आणि 'रेला' या पालुपदाची ओढ शिकवली. कोरसला शब्द कशाला लागतात, म्हणून कडवी सांगितलीच नाहीत. सोबत मोठं माणूस हवं म्हणून तिनं मला घेतलं.

काळी-पिवळी जीपमध्ये बसून आम्ही निघालो. बायांनी वाटेत ड्रायव्हरला सोडलं नाही. वैनगंगेच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली, तर त्याच्यावर तिथल्या तिथं गाणं रचलं, की याची गाडी नवरी व्हायला निघाली आहे, म्हणून लाजत चालते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई हो, उतरवून देईन हं." बुधरीबाई म्हणाली, "उतरव. तुह्या गाडीपरस आमी पायी जल्दी पोचतो."

नागभीडला प्रवीणनं एकेकीच्या कानावर हेडफोन चढवले. बुधरीबाईनं तो दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "कानाले टोपलं बांधलं का रे बाबू?" सगळ्या हसल्या. मग दीपालीनं पहिली ओळ उचलली. दुसरी उचलली. बायांनी ती झेलायची होती. कुणी झेलली नाही.

प्रवीणला वाटलं, आवाज जात नाही. त्यानं तारा हलवून पाहिल्या. बुधरीबाईनं हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"हे आंब्याचं हाय का?"

"हो आत्या," दीपाली म्हणाली.

"पंडुम कुठी झालं?"

त्यांच्या गावात मरका पंडुम झाल्याशिवाय कुणी आंबा तोंडाला लावत नाही. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावचा पुजारी, त्याला ते गायता म्हणतात, तो नवा आंबा आधी देवाला देतो, मग गाव खातं. एवढं मलाही माहीत होतं, दीपालीलाही. पण आंब्याचं गाणंही त्या दिवशीच उघडतं, त्याआधी त्यांच्या बाया ते म्हणत नाहीत, हे दीपालीला माहीत नव्हतं.

माहीत असणार तरी कसं? पाचवीपासून ती आश्रमशाळेत. मग वसतिगृह, मग कॉलेज. पंडुम येतं ते नेमकं परीक्षेच्या दिवसांत. आंबा तिच्यासाठी गावाहून पिशवीत यायचा, पंडुम होऊन गेल्यावर. गाण्याचा नेम कुणी पिशवीत घालून पाठवला नव्हता.

"आत्या, हे गाव नोहे," ती म्हणाली. "नागभीड हाय. बंद खोली हाय. कोन आयकून राह्यलं?"

"आमी आयकून राह्यलो ना."

"मंग मी नोको गाऊ का?"

"तू गा वं माय. तुले कोन रोकते? आमी नाई गात."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. बाया उठून बाहेर गेल्या आणि चिंचेखाली भाकरी सोडून बसल्या. मला मात्र राग आला. एवढ्या दूर यायचं, पोरीची तारीख वाया घालवायची, आणि वर शांतपणे जेवायचं! मी बुधरीबाईजवळ जाऊन म्हटलं, "अहो, पोरीचं सगळं यावरच आहे. होळीच्या आधी गाणं निघालं नाही तर तिला परत बोलावतील."

बुधरीबाईनं मला भाकरीचा तुकडा दिला. "कमळाबाई, तुमच्या घरी आंब्याचा रस कवा होते?"

"अक्षय तृतीयेला. पितरांना दाखवल्यावर."

"आनि आंधी बाजारात दिसला तं?"

आमच्या घरी त्याआधी कुणी आंब्याचं नाव काढलं तरी सासूबाई डोळे वटारायच्या.

"आता समजा हे गानं तिनं आजच काढलं," बुधरीबाई म्हणाली, "तं काई पाप नाई लागत. पन पंडुमच्या दिवशी आमी ते नाई घेनार. ते बाहेरचं गानं झालं. मोबाइलचं. तिले चालन तं चालन."

आत प्रवीणनं तोपर्यंत दुसरी तजवीज केली होती. ब्रम्हपुरीच्या दोन मुली त्याच्याकडे कोरसला येत, त्या त्या दिवशी नागभीडमध्येच होत्या. आल्या. चांगल्या गाणाऱ्या, ताल पक्का. दीपालीनं ओळ उचलली, त्यांनी झेलली. तिनं पुन्हा उचलली, त्यांनी पुन्हा झेलली. तिसऱ्या कडव्याला दीपालीला धाप लागली. प्रवीण म्हणाला, "ताई, सर्दी झाली का?"

सर्दी नव्हती. गावच्या बाया तिची ओळ संपायच्या आधीच पुढची उचलतात. तेवढ्यात तिला श्वास मिळतो. या मुली शहाण्यासारख्या तिची ओळ पुरी होऊ देत होत्या, मगच तोंड उघडत होत्या. प्रवीण म्हणाला, "ते मी कंप्युटरवर आंधी सरकवून देतो. कोनाले समजत नाई." त्यानं सरकवून दाखवलं. खरंच समजत नव्हतं. गाणं छान वाजलं. मला तर छानच वाटलं.

दीपालीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा एकदा ऐकलं. बाहेर बाया विड्याची पानं पुसत होत्या.

"राहू द्या दादा," ती म्हणाली.

"राहू द्या म्हन्जे?"

"आता नाई काढत. पंडुम होऊ द्या."

"ताई, पंडुम चैतात. तवापर्यंत लोकेशभाऊ थांबत नाई. मी त्याले वळखतो."

"मले बी मालूम हाय."

परतीच्या गाडीत बायांनी पुन्हा ड्रायव्हरवर गाणं धरलं. दीपाली त्यात गायली नाही, आणि कुणी तिला गा म्हटलंही नाही. वडशाच्या पुलावर बुधरीबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, तशी ती झोपली.

महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेला गेले, तेव्हा देवापाशी तिच्यासाठी मागणं घातलं. काय मागावं ते मात्र नीट सुचेना. पंडुम लवकर येवो म्हणावं, की होळी उशिरा येवो म्हणावं? शेवटी म्हटलं, पोरीला पस्तावा होऊ देऊ नकोस.

होळीच्या आधी लोकेशचा फोन आला. मी शेजारीच गहू निवडत होते.

"ताई, गानं कुठी?"

"भाऊ, पंडुम झाल्यावर."

"काऊन? प्रवीण तं म्हनते तयार हाय."

"तयार हाय. पन उघडलं नाई."

लोकेशला ते कळलं नाही. त्याला वाटलं, ही भाव खाते आहे. त्यानं मयुरी नावाच्या मुलीला घेतलं. ही ब्रम्हपुरीचीच, नागभीडला कोरसला आलेल्या दोघींतली एक. तिचं एक गाणं होळीलाच मोबाइलवर आलं आणि लग्नांत वाजू लागलं. फाल्गुनातल्या एका दुपारी आमच्या गल्लीतून वरात गेली. लोकेशचीच गाडी. वर मयुरी. दीपाली माझ्यासोबत पोळ्या लाटत होती. वरात चौकातून वळेपर्यंत तिनं तवा तापू दिला, पोळी टाकली नाही. मग म्हणाली, "वरच्या पट्टीत चांगली जाते हे. पन पान्याची बाटली नाई ठेवली कोनी तिच्याजवळ. तिसऱ्या गान्याले घसा बसन." आणि पोळी टाकली.

चैत्रात, रामनवमी आटोपल्यावर, कोहकाटोल्याचं पंडुम ठरलं. बुधरीबाईनं मला मुद्दाम निरोप पाठवला. ह्यांनी मोटारसायकलवर नेऊन सोडलं. गायता आणि गडीमाणसं देवाकडे गेली, ते त्यांचं, तिथं मी गेले नाही. बायांबरोबर अंगणात मोहाच्या सावलीत बसले. गडीमाणसं परत आली, कैरीचा तुकडा घराघरांत गेला, माझ्याही हातावर ठेवला. मी बुधरीबाईला म्हटलं, "आमची अक्षय तृतीया व्हायची आहे हो." तशी तिनं तो परत घेतला आणि पानात बांधून दिला. "मंग तवा खाजा." त्यावर कुणाला काही वाटलं नाही.

मग बायांनी हातात हात घालून रांग धरली आणि जुनी गाणी सुरू झाली. दीपाली रांगेच्या टोकाला होती. आपलं गाणं कधी काढावं, हे तिला कळत नव्हतं. कुणी सांगतही नव्हतं. दोन-तीन गाणी झाली, चौथं झालं. पाय थांबले, तेवढ्यात तिनं एकदम ओळ उचलली. धुऱ्यावरचा आंबा माहा. तिची ओळ संपायच्या आत बायांनी ती झेलली होती.

पुढच्या कडव्याला गंमत झाली. दीपालीचं कडवं असं होतं, की पल्याड पडलेला आंबा बहिणीला गोड लागो. तिथं बुधरीबाईनं तिला अडवलं आणि स्वतःचंच घातलं:

पल्याड पडला तं खाऊ दे वं
कोय आमच्या इथी आन

बाया हसत हसत तीच ओळ फिरवू लागल्या. दीपालीनं एकदा आपली ओळ पुन्हा घालून पाहिली. कुणी घेतली नाही. मग तिनंही कोयीचीच धरली. तिचा मोबाइल खांबाला बांधून ठेवला होता, त्यात सगळं आलं. मध्येच कोंबडा आरवला, तोही आला.

प्रवीणनं त्या रेकॉर्डिंगवर हात फिरवला. कोंबडा काढता आला नाही, म्हणून राहिला. गाणं चैत्र संपता संपता बाहेर पडलं. एकदम गाजलं वगैरे काही नाही. पण वैशाखात लोकांच्या मोबाइलवर मी ते स्वतः ऐकलं, एकदा बँकेच्या रांगेत आणि एकदा दळणाच्या चक्कीवर. चक्कीवाला म्हणाला, "कोंबड्याचं गानं लावू का काकू?"

लोकेश मग पुन्हा आमच्या ओसरीवर आला. आधी चहा घेतला, मग दुसरा घेतला. दीपालीला म्हणाला, "ताई, सीझन अजून बाकी हाय. तुमी या. आनि त्या बाया पन पायजे. आठ-दहा जनी गाडीवर हुभ्या केल्या तं लय मजा येईन."

दीपालीनं बुधरीबाईला फोन लावून त्याच्याच हातात दिला.

"बाई, मी वडशाहून लोकेश बोलून राह्यलो. तुमाले लग्नात—"

"बापू, तेंदूपत्ता सुरू झाला. तो कोन तोडन, तुहा बाप?"

लोकेशनं फोन परत दिला. बाया आल्या नाहीत. दीपाली एकटीच गेली.

गाडीवर कोरसला मयुरीच होती. दोघींत कुरबुरी होतील अशी मला धास्ती होती. पण पहिल्याच लग्नाला जाताना दीपालीनं तिला सांगितलं, "तू माही ओळ संपू देऊ नोको. आंधी उचल." मयुरी म्हणाली, "मंग लोक म्हनतीन मले ताल समजत नाई." दीपाली म्हणाली, "म्हनू दे. मले श्वास भेटते." ते जमायला दोन-चार लग्नं गेली. ज्येष्ठापर्यंत चांगलं जमलं. तिच्या वडिलांनी अंगणवाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. हो म्हणाले असंही नाही. फक्त पुढच्या खेपेला येताना त्यांनी तांदळाचं चुंगडं आणलं, म्हणजे पोरगी इथंच राहणार असं आम्ही समजलो.

तेव्हापासून तिनं आणखी गाणी केली आहेत. बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळीचं आहे, परीक्षेचं आहे, नवरीसारखं लाजत चालणाऱ्या काळी-पिवळीचं आहे. ते शेवटचं तिनं बायांना विचारून घेतलं. चालतात ठीक. पण फर्माइश होते ती आंब्याचीच, आणि तिथंच लोकेशचं डोकं फिरतं. लग्नं सुरू होतात पौष संपला की, आणि दीपाली चैतापर्यंत ते गाणं म्हणत नाही. यंदा माघात नागभीडच्या एका वरातीत नवऱ्या मुलाच्या मामानं गाडीच अडवली. आंब्याचं म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही म्हणाला. लोकेश खाली उभा राहून हात जोडत होता, "ताई, एक कडवं! अर्धं कडवं!" दीपालीनं माइकमध्ये सांगितलं, "मामाजी, अजून उघडलं नाई. उघडलं का तुमच्या घरी येऊन म्हनीन." आणि मासोळीचं सुरू केलं. मामा मासोळीवर नाचले. पण त्या घरचं दुसरं लग्न लोकेशच्या हातून गेलं, हेही खरं.

तो तिला सोडत नाही. दुसरी मिळत नाही असं नव्हे, मयुरी तर गाडीवरच आहे. एवढंच आहे की लग्नवाले आता तारीख धरायच्या आधी त्याला विचारतात, पंडुम झालं का. त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून फाल्गुन लागला की तो दर आठवड्याला बुधरीबाईला फोन करतो. काल आमच्या ओसरीवर बसूनच केला.

"बाई, पंडुम कवा धरलं? मले पार्ट्याइले सांगा लागते."

बुधरीबाईचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"थांब ना बाबू. आंबा तं पाहू दे पयले."

"पन अंदाजे?"

"अंदाजे आंबा येत नसते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.